मोजे घालायला शिकवणारा कोच

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळते. तिचे सर सारखं जॉन वुडन, जॉन वुडन करत असतात. ते म्हणे पोरांना मोजे घालायला शिकवायचे! खरंय का हे? आणि एवढं जिंकलं तरी काय त्यांनी? – एक पालक, सांगली

उत्तर : मोज्यांचं अगदी खरं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत सीझन सुरू झाला की तिथले बास्केटबॉल कोच वुडन सगळ्यांना बसवून मोजा कसा चढवायचा ते दाखवायचे, टाचेला नि बोटांपाशी एकही सुरकुती नको, मग बुटाची लेस एकेका भोकापासून घट्ट ओढायची, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की पोरगं प्रॅक्टिसला लंगडतं.

जिंकलं म्हणाल तर १९६४ ते १९७५, बारा वर्षांत १० एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) टायटल्स, त्यातली ७ लागोपाठ. मधे सलग ८८ मॅचेस हरलेच नाहीत, शेवटी जानेवारी १९७४ मध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीने एका पॉइंटने हरवलं.

पण मला विचाराल तर खरी गंमत त्याच्या आधीची आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा पर्ड्यू युनिव्हर्सिटीकडून खेळला, शाळेत इंग्रजी शिकवलं, १९४८ ला यूसीएलएत आला आणि पहिलं टायटल मिळालं थेट १६व्या सीझनला! आजकाल कुठलं मॅनेजमेंट एवढं थांबेल हो? प्रॅक्टिस वरच्या मजल्यावरच्या कोंदट जिममध्ये, शेजारी कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले, फरशी पुसायलाही वुडनच. १९६४ च्या टीमच्या पहिल्या पाचात साडेसहा फुटी एकही नव्हता, तरी फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर समोरच्यावर दबाव, लावून समोरच्याला बॉल पुढे न्यायलाच द्यायचे नाहीत. करीम अब्दुल-जब्बार वगैरे यूसीएलएची उंच मंडळी नंतरची.

यूसीएलएत येण्याआधी इंडियाना स्टेट कॉलेजला कोच असताना १९४७ मध्ये एका राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं त्यांनी चक्क नाकारलं, कारण क्लॅरेन्स वॉकर या त्यांच्या कृष्णवर्णीय खेळाडूला तिथे बंदी होती. पुढच्या वर्षी बंदी उठली, तेव्हा टीम गेली आणि वॉकर खेळला.

सगळंच काही सोज्वळ नव्हतं बरं का. सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत चाहता यूसीएलएच्या खेळाडूंचे नियमात न बसणारे लाड पुरवायचा, आणि वुडननी तिकडे काणाडोळा केला असं म्हणणारे बरेच आहेत, मलाही ते अगदीच खोटं वाटत नाही.

आणि हो, वुडन रोजच्या प्रॅक्टिसचं मिनिटामिनिटाचं टाइमटेबल छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवायचे. मुलीच्या सरांकडे असं कार्ड असतं का, विचारा एकदा.