शिनाईला तेल लावू की टेप?

प्रश्न : केंडो (जपानी तलवारबाजी) सुरू करून सहा महिने झाले, आठवड्यातून तीनदा प्रॅक्टिस. शिनाईला, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या सरावाच्या तलवारीला, टोकाकडे तुसं यायला लागलीत आणि एका कामटीवर उभी बारीक रेघ दिसतेय. मित्र म्हणतो टेप गुंडाळ आणि चालव. तेल लावून भागेल का?

उत्तर : टेपचं आधी डोक्यातून काढून टाका. दोरी आणि नाकायुई (कामट्या आवळून धरणारी चामड्याची पट्टी) सोडा, चारही कामट्या सुट्या करा आणि ती रेघवाली हातात घेऊन हलकेच वाकवा. रेघेचं तोंड उघडलं किंवा नख अडकलं तर ती चीर आहे, मग तेल नाही, डिंक नाही, कामटी बाद. समोरच्याच्या मेनला (डोक्या-तोंडावरच्या शिरस्त्राणाला) जाळी असली तरी फुटलेल्या बांबूची ढलपी त्या फटीतून आत जाऊ शकते आणि आत डोळा असतो हो! टेपने चीर बुजत नाही, फक्त तुम्हाला दिसेनाशी होते. जुन्या शिनाईची त्याच साइजची धड कामटी असेल तर ती बसवा, पेरं मात्र जुळली पाहिजेत.

तुसांचं काम सोपंय. सुरीची धार आडवी धरून खरवडायचं, मग पॉलिश पेपर, आणि कामट्यांच्या कडा जिथे एकमेकींना घासतात तिथे जरा गोलाई द्यायची कारण तुसं बहुतेक तिथूनच उठतात. पण हौसेने तासत बसू नका, स्पर्धेत मोठ्या पुरुषांच्या ३९ नंबरच्या शिनाईला किमान ५१० ग्रॅम वजन लागतं.

तेल त्यानंतर. बांबू सुकला की ठिसूळ होतो म्हणून महिन्या-दोन महिन्यातून फडक्याने पातळ हात फिरवायचा, एक दिवस ठेवून उरलेलं पुसून घ्यायचं, बुडवून ठेवायची गरज नाही. जवसाचं तेल वापरलंत तर तो फडका बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आपोआप तापून पेटू शकतो, पसरूनच वाळवा.

जोडताना कामट्यांचा क्रम तोच ठेवा, फक्त सगळा जुडगा एक घर फिरवा. दोरी पाठीला असते, मार तिच्या समोरची कामटी खाते, तर दर वेळी तीच कशाला झिजवायची? नाकायुई टोकापासून साधारण पाव अंतरावर, बोटाने फिरवून फिरत असेल तर परत बांधा. आणि टोकाची चामड्याची टोपी फाटली असेल तर त्या दिवशी प्रॅक्टिसला दुसऱ्याची शिनाई मागा.