काटा नाचतोय म्हणून मीटर उघडू देऊ नका, आधी केबल सोडा

तुमच्या १९८६ च्या प्रीमिअर पद्मिनीबद्दलची पोस्ट वाचली. सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डमागून चिर्र चिर्र आवाज येतो, ताशी २० ते ४० किलोमीटरच्या मध्ये स्पीडोमीटरचा काटा थरथरतो, मध्येच अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. आणि गॅरेजवाला म्हणतो, "मीटरच गेलाय, दुसरा टाकून घ्या." आमच्या मार्क फोर अँबेसेडरचं दुखणं शब्दशः हेच होतं आणि सल्लाही हाच मिळाला होता. म्हणून जरा लांबण लावून लिहितोय, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि तोवर मीटरला कुणाला हात लावू देऊ नका.

आधी सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. पद्मिनीवर मी स्वतः काम केलेलं नाही, त्यामुळे तुमच्या गाडीत मीटर नेमका कुठल्या स्क्रूवर बसलाय ते मला विचारू नका. पण दोन्ही गाड्यांत केबल, म्हणजे बाहेर कवच आणि आत फिरणारी तार, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते आणि वर मीटरला जाते. मीटरच्या आतलं फिरत्या चुंबकाचं तत्त्वही तेच आहे, ज्याचं पेटंट ओटो शुल्झे या स्ट्रासबुर्गच्या इंजिनिअरनं १९०२ मध्ये घेतलं होतं. डॅशबोर्ड खोलणं, बॅटरीची तार आधी काढणं वगैरे तुम्हाला येत असेलच, ते धरून चालतो.

पहिलं काम एकच. मीटरच्या मागचा केबलचा नट सोडा, आतली तार मीटरमधून बाहेर काढा, टोक बाजूला बांधून ठेवा आणि गाडी गल्लीत फिरवून आणा. आवाज तसाच राहिला तर दोष केबलमध्ये किंवा खाली गिअरबॉक्सकडच्या पिनियनमध्ये, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात. आवाज गेला तर बहुतेक मीटरच्या आतला बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती नळी, कोरडा पडलाय. "बहुतेक" अशासाठी, की वाकडी तार कधीकधी मीटरला जोडलेली असतानाच आवाज करते. या चाचणीला पैसा लागत नाही, तरी ती न करताच लोक मीटर बदलून मोकळे होतात. आमच्याकडेही ती कुणी केली नाही.

काटा थरथरून उडी मारतो त्याचं कारण जवळपास नेहमी केबल असते. आतली तार कोरडी झाली, गंजली किंवा एखाद्या वळणावर कवचाला घासायला लागली, की ती सलग फिरत नाही. खालचं टोक फिरत राहतं, वरचं अडून बसतं, तारेत पीळ साठतो आणि तो एकदम सुटतो. तुम्हाला दिसते ती उडी म्हणजे हा सुटलेला पीळ. कमी वेगात ती ठळक दिसते, वेग वाढला की काटा थोडा स्थिरावतो. तुमच्याकडे ५० च्या पुढे काटा शांत होतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझा अंदाज केबलवर आहे.

आता ज्या चुकीनं आमचं सर्वांत जास्त नुकसान झालं, तिच्याकडे येतो.

आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली होती. त्यांनी केबल खालून काढलीच नाही. वरून नट सोडला, कवचात ग्रीस गच्च भरलं, वर मीटरच्या तोंडातही तेल सोडलं आणि गाडी परत दिली. आवाज बंद झाला, काटाही सुतासारखा चालायला लागला. घरात सगळे खूश. काही आठवड्यांनी मात्र काटा भलतंच दाखवायला लागला. गाडी ४० ला असावी आणि काटा ७० च्या वर. मग एके दिवशी गाडी उभी असतानाही तो शून्यावर येईना.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मीटरच्या आत केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि तिच्याच दांडीवर काटा. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग जिथे तुल्यबळ होतात, तो तुमचा वेग. म्हणजे चुंबक आणि वाटीमध्ये फक्त हवा असायला हवी. तिथे तेल किंवा ग्रीस शिरलं की वाटी चिकटून ओढली जाते आणि काटा वेगापेक्षा कितीतरी पुढे पळतो. तेल स्प्रिंगवर गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग काट्याचं येणं-जाणं दोन्ही बिघडतं.

बरं, मीटरच्या तोंडात तेल सोडलं नसतं तरी केबलमधलं ग्रीस वर चढलंच असतं. आतली तार म्हणजे एकावर एक पीळ दिलेल्या तारांचे थर. ती फिरते तेव्हा सोऱ्याचा दांडा फिरवल्यावर पीठ सरकतं तसं जास्तीचं ग्रीस सरकत राहतं आणि शेवटी मीटरमध्ये पोहोचतं. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये यासाठी स्पष्ट सूचना असायची: वंगण बेतानं लावा, तार बसवल्यावर वरच्या टोकाकडून ८ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर बाहेर ओढा, तेवढा भाग पुसून कोरडा करा आणि मगच जोडा. अँबेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे ही सूचना आमच्या गाडीला थेट लागू होती. पण पद्मिनी असो की आणखी कुठली गाडी, तार आणि ग्रीस तेच, म्हणून हा नियम तुम्हीही पाळा.

पुढचं सांगताना आजही राग येतो. त्याच वर्कशॉपमध्ये तक्रार घेऊन गेलो तर त्यांनी मीटर उघडला. काट्याखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून काटा उपटला. आतला भाग पेट्रोलनं धुतला, त्यात तबकडीवरचे आकडे पुसट झाले. काटा परत बसवताना तो थेट शून्याच्या खिळीला, म्हणजे काटा अडवणाऱ्या पिनेला, टेकवला. खरं तर स्प्रिंगला आधीच थोडा ताण दिलेला असतो. काटा खिळीवरून उचलून सोडला तर तो खिळीच्याही खाली जाऊन थांबतो. ती मूळची जागा काटा काढण्याआधी खूण करून ठेवावी लागते, नाहीतर पुढे प्रत्येक वेगाला काटा चुकीचं दाखवतो. यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि शेवटी आम्हाला न विचारता त्यांनी कुठल्यातरी भंगारातल्या अँबेसेडरचा मीटर बसवून दिला. आमचा मूळ मीटर मागितला तर "टाकून दिला". बिलावर दोन शब्द: मीटर वर्क.

त्या मीटरवर आमच्या गाडीचे पहिल्या दिवसापासूनचे किलोमीटर होते. वडील पेट्रोल भरताना दर वेळी वहीत आकडा लिहायचे, तारखेसकट. कुठल्या किलोमीटरला क्लच प्लेट बदलली, कुठल्याला किंगपिन, सगळं त्या वहीत आहे. आज गाडीवरचा आकडा आणि वहीतला आकडा यांचा काही संबंध उरलेला नाही. पैसे परत मिळवता आले असते, हे मिळवता येत नाही. जुन्या गाडीचा खरेपणा तिच्या नोंदींत असतो, आणि ज्याला ते कळत नाही त्यानं जुनी गाडी दुरुस्तीला घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणून गाडी कुणाकडेही देण्याआधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. जॉब कार्डवर तो आकडा लिहून घ्या आणि शेजारी "काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा" असंही लिहून घ्या. मीटर बदलावाच लागला तर जुना आणि नवा दोन्ही आकडे बिलावर यायला हवेत. उद्या गाडी विकायची झाली तर हाच कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

आता केबलचं काम. दोन्ही टोकं सोडून तार पूर्ण बाहेर काढा. खालच्या टोकाला काळपट, उग्र वासाचं पातळ तेल दिसलं तर ते गिअर ऑइल आहे, म्हणजे पिनियनचा ऑइल सील गेलाय. तो आधी बदला, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल केबलमधून चढत मीटरपर्यंत जाईल आणि तुमचा सगळा खटाटोप वाया. तार रॉकेलमध्ये धुवा, सपाट फरशीवर ठेवून हातानं लोळवा. सरळ लोळली तर ठीक. कुठे उसळी मारत असेल तर तिथे ती मुरगळली आहे. अशी तार सरळ करत बसू नका, नवीन घ्या. टोकाचे चौकोनी कोपरे गोल झाले असतील तरी नवीनच घ्या. नवी केबल जुनीशेजारी धरून लांबी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. तार कवचाबाहेर जास्त निघत असेल तर ती मीटरच्या दांडीला आतून रेटत राहते.

ग्रीस साधं लिथियमचं, बोटावर घेऊन तारेवर हलका हात फिरवायचा. खालच्या भागाला लावा, वरचे ते २० सेंटिमीटर कोरडे. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, तो लवकर उडून जातो आणि आवाज परत येतो. काही जण ग्रॅफाइटची पूड वापरा म्हणतात, मी वापरलेली नाही.

केबलची वाट ग्रीसइतकीच महत्त्वाची आहे. वळणाची त्रिज्या ६ इंचांपेक्षा कमी नको आणि दोन्ही टोकांना निदान २ इंच तरी केबल सरळ जायला हवी. म्युझिक सिस्टिम किंवा एसी नंतर बसवलेल्या गाड्यांत केबल दाबून कुठेतरी कोंबलेली असते. तुमच्या गाडीत नंतर एसी बसवलाय असं लिहिलंय, तिथे आधी बघा.

दोष मीटरमध्येच निघाला तर? बुशला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकानं. त्याहून जास्त काही घरी करू नका. पण चिर्र आवाज करणारा मीटर तसाच चालवतही राहू नका. बुश जाम झाला तर तार तुटते, आणि नशीब खराब असेल तर पिनियनचे दात जातात. माणूस मिळेपर्यंत केबल सोडून ठेवा आणि वेगाकडे फोनच्या जीपीएसवर लक्ष ठेवा.

माणूस शोधताना कार गॅरेजऐवजी रिक्षा-टॅक्सीच्या जुन्या मीटरचं काम करणाऱ्यांकडे जा. आपल्याकडे २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि त्यांचं काम आटलं, पण केबलवर चालणाऱ्या मीटरचे दातेरी चक्र आणि बुश त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. पुढे आमचा भंगारातला मीटर निदान बरोबर वेग दाखवायला लागला तो अशाच एका वयस्कर काकांमुळे. त्यांनी काटा उचलण्याआधी पेन्सिलनं खूण केली, तेव्हाच मी निश्चिंत झालो.

ओघात दोन गोष्टी. ट्रिपचा, म्हणजे एका फेरीचे किलोमीटर मोजणारा आकडा शून्य करायचा तो गाडी उभी असतानाच, चालत्या गाडीत केला तर आतले दात तुटू शकतात. आणि मीटर बंद ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पीडोमीटरसाठी स्वतंत्र नियम आहे, ११७ वा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा मेलेला काटा घेऊन जाण्यात अर्थ नाही.

पद्मिनीचं काम नियमित करणाऱ्या सदस्यांनी माझं कुठे चुकलं असेल तर जरूर दुरुस्त करावं. आणि तुम्ही या रविवारी केबल सोडून एक चक्कर मारा, आवाज राहिला की गेला तेवढं इथे लिहा. खालच्या टोकाचा एक फोटोही टाका, ऑइल सीलचं त्यावरून कळेल.