अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू आणि पाणी

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला उभयचर प्राणी. टाकी सायकल झालेली नसेल, म्हणजे विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट संपवणारे जीवाणू तिच्यात वाढले नसतील, तर पिल्लू त्यात सोडूच नका. स्वच्छ प्लास्टिक डब्यात ठेवा, पाणी रोज पूर्ण बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि जुन्याच तापमानाचं हवं. तोवर या जीवाणूंसाठी रिकाम्या टाकीत टाकलेला अमोनिया २४ तासांत संपून नायट्राइटही शून्य दिसेपर्यंत थांबा. याला सहसा ४ ते ६ आठवडे लागतात, घाई नको.

तापमान १६ ते १८ अंश ठेवा. कल्ल्यांचे तुरे पुढे वळलेले दिसले तर प्रवाह जोरात आहे किंवा पाणी बिघडलंय. आधी पाणी तपासायचं टेस्ट किट काढा. तळाला खडी अजिबात नको: पिल्लू घास पाण्यासकट ओढतं, खडाही आत जातो आणि आतडं तुंबतं. गांडुळाचे बारीक तुकडे रोज द्या, उरलेलं लगेच ड्रॉपरने उचला.