सुनेनं गोळ्या पर्सच्या अस्तरात का ठेवल्या?

ताई, आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. मुलाचं लग्न मे महिन्यात झालं. गौरीच्या जागरणाला सून रात्रभर झिम्मा-फुगडी खेळली आणि पहाटे स्वयंपाकघरात कोसळली. हातपाय झाडत होती, तोंडाला फेस. शेजारच्या आक्कांनी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घातला, तेव्हा कुठं थांबलं. चमच्यानं दाताचा टवका उडाला. नंतर तिच्या पर्सच्या अस्तरात गोळ्या सापडल्या. शाळेत असल्यापासून फिट येते म्हणे! माहेरच्यांनी लपवलं. पाव्हणे म्हणतात, माहेरी पाठवा, उद्या पोरांनाही होईल. जाऊबाई म्हणतात, बाहेरचं आहे, नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळात न्या. काय करू?
— एक सासू

वहिनी, राग येणारच. सोयरीक जुळवताना एवढी गोष्ट दडवायची नसते, हे मी तिच्या आईवडिलांनाही तोंडावर सांगेन. पण 'मुलीला फिट येते' असं पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं, तर तुम्ही पोहे संपेपर्यंत तरी बसला असता का? खरं सांगा.

आता ती पहाट बघा. फिटच्या गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. घर पाहुण्यांनी भरलेलं, गोळी कुणाला दिसू नये म्हणून संधी शोधायची, त्यात एखादी चुकणारच. वर रात्रभर जागरण. गोळी चुकणं आणि झोप बुडणं ही फिट उसळण्याची दोन नेहमीची कारणं. तुमच्या घरात नेमकं काय झालं ते तिलाच विचारा, पण माझा संशय या दोन्हींवर आहे. लपवाछपवीनं तुम्हाला फसवलं असेल, पण आपटली ती पोरगी.

चपलेचं म्हणाल, तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल शोधून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय चपलेला मिळतं. कांद्याचंही तेच. चमचा मात्र धोक्याचा. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही; जबडा आवळलेला असतो, त्यात काही कोंबलं की दात तुटतात नाहीतर कोंबणाऱ्याचं बोट सापडतं. पुन्हा कधी फिट आलीच तर आजूबाजूचं टोकदार, गरम सामान हलवा, डोक्याखाली घडी केलेली साडी सारा, गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सैल करा. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. आणि घड्याळ बघा: पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर 108.

वाडीला जरूर जा. दत्तमहाराजांनी कुणाला गोळी बंद कर म्हटलेलं नाही. मेंदूतल्या पेशींत एकदम विजेचा गोंधळ उडतो, त्याला अपस्मार म्हणतात. त्यात बाहेरचं काही नाही, आणि तो शिवून-उष्टं खाऊन लागतही नाही. नीट निदान आणि औषध मिळालं तर 100 पैकी सुमारे 70 जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1992 च्या क्रिकेट विश्वचषकात पाकिस्तानच्या इंझमामला रनआउट करायला स्टंपांवर झेप घेणारा दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स आठवतो? नसेल तर मुलाला विचारा. त्यालाही अपस्मार आहे.

पोरांचं म्हणाल तर काही प्रकारांत धोका थोडा वाढतो, पण अपस्मार असलेल्या बहुतेक आयांची मुलं ठणठणीत असतात. काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यायची. काही गोळ्या, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं. गोळी बदलायची की नाही ते तेच ठरवतील. कुणाच्या सांगण्यावरून अचानक बंद केली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

माहेरी पाठवायच्या गोष्टी करणाऱ्यांना एवढंच सांगा, की 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणाऱ्या कारणांत अपस्मार होता, तो 1999 मध्ये काढून टाकला. आपले पाव्हणे अजून जुन्याच कायद्यावर चाललेत.

घरात फार काही बदलायला नको. आंघोळीला जाताना आतून कडी घालू नये, कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावं. गॅसपाशी सध्या एकटी नको. पंचगंगेत पोहणं नको, रंकाळ्यावर फिरायला खुशाल जाऊ दे. स्कूटीची किल्ली तूर्त काढून ठेवा. लायसन्सच्या फॉर्मातही हा आजार विचारतात. जागरण पुढच्या गौरीला तुम्ही करा, तिला झोपू द्या.

या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मुलगा सोबत हवा, आणि तुम्हीही, कारण फिट कशी सुरू झाली, किती वेळ चालली हे तुम्ही पाहिलंय, तिला त्यातलं काही आठवणार नाही. व्याह्यांशी भांडायचं असेल तर जरूर भांडा. आधी फक्त तिच्या मेंदूच्या जुन्या तपासण्यांचे, म्हणजे ईईजीचे आणि एमआरआयचे, कागद मागून घ्या.