बोअरचं पाणी खारं असेल तर त्यात मिसळलेलं तणनाशक उन्हात लवकर निकामी होतं का?

मीठ कोणतं, ते आधी सांगा. 'खारं पाणी' एवढ्यावर याचं उत्तर देता येत नाही. याच मुद्द्यावर माझ्या एमएस्सीच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण कापलं गेलं, म्हणून लिहायला बसलोय.

1994चा मे महिना. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची अगाशी, म्हणजे गच्ची. एका कडेला आईच्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या कडेला माझ्या क्वार्ट्झच्या सहा नळ्या. साध्या काचेतून मला हवे ते किरण नीट जात नाहीत, म्हणून विभागातून सही करून आणलेल्या. सगळ्यांत तणनाशक म्हणून अ‍ॅट्राझिन आणि थोडं नायट्रेट. दोन नळ्या साध्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या, दोन प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ घातलेल्या, दोन खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईच्या समुद्राच्या पाण्याच्या. प्रत्येक जोडीतली एक काळ्या कागदात गुंडाळलेली, ऊन न लागलेलं पाणी तुलनेला हवं म्हणून. आई म्हणाली, "तुझं विष आणि माझ्या कुरडया एका अगाशीवर नकोत." शेवटी कुरडया शेजारच्या काकूंकडे गेल्या.

ते पाणी मी एसटीतून कॅनमध्ये आणलं होतं. खंभातच्या आखातातलं पाणी म्हणजे चहा. गाळता गाळता तीन दिवस गेले. मग त्यातलं क्लोराइड मोजलं आणि मिठाच्या नळीत क्लोराइड तेवढंच होईल इतकं मीठ घातलं, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको.

मिठाच्या नळीतलं अ‍ॅट्राझिन साध्या पाण्यातल्याइतकंच तुटलं. समुद्राच्या पाण्यातलं फारच हळू. आमचे मार्गदर्शक म्हणाले, "क्लोराइड सारखं, मग उत्तर वेगळं कसं? मीठ ते मीठ." समासात लाल शाईने 'प्रायोगिक चूक', आणि प्रकरण गेलं.

चूक नव्हती. अ‍ॅट्राझिन स्वतः सूर्यप्रकाश फारसा शोषत नाही. ऊन नायट्रेटवर पडून हायड्रॉक्सिल रॅडिकल (क्षणभर टिकणारा, समोर येईल त्यावर तुटून पडणारा रेणूचा तुकडा) तयार होतं आणि तोडायचं काम ते करतं. क्लोराइड या रॅडिकलला पकडतं खरं, पण पाणी आम्ल नसेल तर लगेच सोडूनही देतं. ब्रोमाइड (समुद्राच्या पाण्यातला क्लोराइडचाच भाऊबंद) पकडतं ते सोडत नाही, आणि त्यातून बनणारी रॅडिकलं तशी मवाळ. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड आणि ब्रोमाइड जेमतेम 65-67 मिलिग्रॅम, तरी बाजी ब्रोमाइडच मारतं. शुद्ध मिठात ते जवळजवळ नसतंच. मिठागरात मीठ काढल्यावर उरलेल्या कडू पाण्यात ते साठतं, कच्छात त्यातूनच ब्रोमीन काढतात. गुजरातेत राहून हे आमच्या विभागात कुणाला सुचू नये!

तर तुमच्या बोअरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं असेल, तर ब्रोमाइडही सोबत आलेलं असणार आणि अ‍ॅट्राझिनसारखं औषध उन्हात जास्त टिकेल. खारटपणा दुसऱ्या कशामुळे असेल तर हिशेब वेगळा. नायट्रेट जास्त असेल तर उलट वेगही वाढतो. बायकार्बोनेट पुन्हा ब्रेक लावतं.

आणि हे सगळ्या तणनाशकांना लागू नाही. मेट्रिब्युझिन, ट्रायफ्लुरालिन स्वतःच प्रकाश शोषून तुटतात, तिथे रॅडिकलचं एवढं अडत नाही. ग्लायफोसेटसाठी उन्हावर विसंबूच नका. शिवाय अ‍ॅट्राझिन तुटलं म्हणजे संपलं असं नाही, त्याचे तुकडे पाण्यात राहतातच. तेव्हा उरलेलं द्रावण टाकीत उन्हात ठेवून 'साफ' होईल ही आशा सोडा. पंप तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच शेतात फवारा, विहिरीपासून लांब.

माझ्या प्रयोगात प्रत्येक पाण्याची उन्हातली एकच नळी होती, आणि आखाताच्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांनीही थोडी रॅडिकलं खाल्ली असणार, हे कबूल. पण सरांनी ते विचारलंच नव्हतं. ते 'मीठ ते मीठ'वरच अडून बसले.

बोअरचं पाणी तपासायला द्याल तेव्हा ब्रोमाइड वेगळं मोजायला सांगा, आणि आकडा मला इथे कळवा. नुसत्या क्लोराइडचा नको.