जोडवी होतात, पैंजण होत नाहीत

"मॅडम, खोटं नाही सांगत. दोन पोळ्यांची एक केली, साखर सोडली, तरी पाय तस्सेच." नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी अनेकींकडून ऐकलंय. आणि पाठोपाठ येणारं दुसरंही: "माझ्यातच निग्रह नाही."

सुजाताला (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) नवऱ्याने पाठवलं होतं, चिडचिड वाढली म्हणून. वय 39, शाळेत शिक्षिका. वर्षभरात 11 किलो वजन उतरवलेलं. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले, सलवार मात्र होती तीच. "कंबरेखाली दुसऱ्याच बाईचे पाय लावलेत," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नव्हतं.

इथे माझी चूक सांगते. पहिले तीन आठवडे मी तिला खाण्याची डायरी लिहायला लावली. मन खात असेल म्हणून हीही खात असेल, असा माझा समज. डायरी चोख होती. ती दाखवताना वही तपासायला दिलेल्या मुलीसारखी बसायची, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही.

चौथ्या वेळी ती रडली. सहा वर्षांचा मुलगा मांडीवर बसायला आला की ती त्याला ढकलते. का? "दुखतं." तोवर मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मग एकेक निघत गेलं. नुसतं दाबलं तरी दुखतं, कुठे आपटलं आठवतही नाही पण काळेनिळे डाग उठतात, संध्याकाळी पाय शिशासारखे. सुरुवात वयात येताना झाली, बाळंतपणानंतर वाढलं. आईचे, आत्याचे पाय असेच. सासूबाईंनी हत्तीरोगाचं नाव काढलं होतं.

आणि पैंजण. लग्नातले पैंजण घोट्यावर लागेनात, पण जोडवी लग्नातलीच, आजही सैल. चरबी घोट्यापाशी कडं घातल्यासारखी थांबते आणि पाऊल सडपातळ राहतं, तेही दोन्ही बाजूंना सारखंच. हत्तीरोगात सहसा पाऊलही सुजतं, बरेचदा एकच पाय जास्त.

निदान करणं माझं काम नाही. मी तिला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड आणि डॉप्लर (पायांच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी), दोन्ही ठीक. डॉक्टरांनी जोडव्याच्याच बोटाच्या बुडाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. ती सहज उचलली गेली; लसिकेची, म्हणजे शरीरातला पाणीदार द्रव साचून आलेली, जुनी सूज असती तर बहुधा उचलली गेली नसती. नाव सांगितलं, लिपोडिमा, म्हणजे दोन्ही पायांवर सारखी साचणारी दुखरी चरबी. यासाठी रक्ताची तपासणी नाही, हात लावून आणि विचारूनच कळतो. 1940 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी तो प्रथम मांडला, तरी आजही बाईला "वजन कमी करा" एवढंच सांगून घरी पाठवतात.

वजन आटोक्यात ठेवायचंच, गुडघ्यांवरचा भार त्याने हलका होतो. पण ही चरबी उपासाला दाद देत नाही, एवढं कळल्यावर सुजाताचा अर्धा अपराधभाव गेला. कुणीतरी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या; त्यांचा इथे उपयोग नसतो. मापाने विणलेले घट्ट मोजे दिले. नाशिकच्या एप्रिलमध्ये ते घालणं म्हणजे शिक्षाच! त्यावर आमचे दोन तास गेले. शेवटी शाळेच्या वेळेत मोजे, घरी आल्यावर सुट्टी, असा तह झाला.

पाण्यातला व्यायाम सगळ्यात चांगला, कारण पाण्याचा दाब पायांना सगळीकडून आधार देतो आणि सांध्यांवर ताण येत नाही. पण पोहण्याचा पोशाख घालायचा कसा? आधी एकदा नुसतं तलावाच्या काठावर बसून यायचं, असं ठरवलं. दुसऱ्यांदा बहिणीला घेऊन गेली. तिसऱ्यांदा गुडघ्याखालपर्यंतचा पोशाख घालून उतरली.

नवऱ्याला एकदा बोलावलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, ही लपून खाते." सुजाता त्याच्याकडे बघत राहिली. ते भांडण त्यांनी घरी जाऊन केलं, आणि व्हायलाच हवं होतं.

चरबी काढण्याची शस्त्रक्रिया आहे. बऱ्याच जणींचं दुखणं त्याने कमी होतं, पण ती खर्चिक आहे आणि लसिकावाहिन्या सांभाळून करणारा अनुभवी सर्जन लागतो. शिवाय त्यानंतरही काही जणींना मोजे चालू ठेवावे लागतात. सुजाताचं अजून ठरत नाहीये. आधी सराफ बाजारात जाऊन पैंजणांना दोन-दोन कड्या वाढवून घेते म्हणाली.