खाणीपायी वसलेले गाव

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडमध्ये डरहॅम येथे शिकतो. त्याच्या मुक्कामाजवळ विटांच्या घरांच्या जेमतेम दोन रांगांचे एक खेडे आहे, पण तेथे ना बाजारपेठ, ना कोणाची शेती. ते कोळशाच्या खाणीसाठी वसवले होते, एवढेच त्याला कळले. अशी गावे का वसवत आणि कोकणात ती का झाली नाहीत?
– एक वाचक, देवगड

उत्तर : एकोणिसाव्या शतकात डरहॅम परगण्यात कोळसा लागला तो बहुतेक वेळा वस्तीपासून दूर, उघड्या रानात. त्यामुळे खाण खोदतानाच मालकांनी मजुरांसाठी एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा उभारल्या. घराला सहसा भाडे नसे आणि जळणाचा कोळसाही मजुरीतच मिळे. मागच्या गल्लीत त्याचा ढीग ओतला जाई आणि तो फावड्याने कोठीत भरण्याचे काम घरच्यांकडे असे. सोय खरी, पण घर आणि नोकरी एकाच खुंटीला टांगलेली होती. 1844 च्या संपात मालकांनी कुटुंबेच्या कुटुंबे सामानासह रस्त्यावर काढली. म्हातारपणी काम सुटले की छप्परही जाई, म्हणूनच 1898 मध्ये निवृत्त खाणकामगारांच्या घरांसाठी तेथे स्वतंत्र संस्था निघाली.

1947 मध्ये खाणी सरकारी झाल्या. पुढे 1951 च्या आराखड्यात परगण्याच्या प्रशासनाने, कोळसा संपत आलेल्या शंभराहून अधिक गावांवर यापुढे खर्च करायचा नाही, असे ठरवले. काही गावे पाडली गेली, काही रहिवाशांनी झगडून राखली. पुतण्याने पाहिलेल्या दोन रांगा अशाच मागे राहिलेल्या असाव्यात.

कोकणात बहुतेक ठिकाणी जांभ्याखाली लाव्हाचा काळा कातळ आहे, तर आपल्याकडचा दगडी कोळसा गोंडवन काळातील गाळाच्या खडकांत, म्हणजे चंद्रपूर-वणीकडे सापडतो. कोकणी माणूस मजुरीसाठी गेला तो मुंबईच्या गिरण्यांत, आणि खरा फरक मला येथे दिसतो. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू होऊन पगार थांबल्यावर अनेक चाकरमान्यांनी गावची एसटी धरली, कारण वाडीतले घर गिरणीमालकाचे नव्हते. डरहॅमच्या खाणकामगाराला असे दुसरे गाव बहुधा नसेच.

डरहॅम शहरात 1871 पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो. आता तो जुलैत असतो आणि गावोगावच्या संघटनांची चित्रांकित निशाणे वाजतगाजत मिरवतात. पुतण्याने त्या खेड्याचे निशाण तेथे शोधावे. ते घेऊन चालणाऱ्यांत जुन्या रांगांत वाढलेले कोणी भेटण्याची शक्यता बरीच आहे.